हिरवे सगळे उरकून घे

डॉक्टर उत्कर्षाला त्या शुक्रवारी सकाळी कोणी विचारलं असतं, की बाई गं, तुझा जीव सध्या कशात अडकलाय, तर तिने एका शब्दात सांगितलं असतं, बंड्यात. बंड्या म्हणजे नवरा नव्हे, मुलगा नव्हे, धाकटा दीरही नव्हे. बंड्या म्हणजे साडेनऊ किलोचा, काळा-तांबूस, लांबलचक अंगाचा आणि वीतभर पायांचा डॅशंड कुत्रा. सोफ्यावरून उडी मारताना त्याच्या मणक्यातली गादी सरकली होती आणि कमरेपासून मागचं अंग लुळं पडलं होतं. त्याला आता सहा आठवडे होत आले होते.

त्याचा मालक निषाद मूळचा अमरावतीचा, हिंजवडीतल्या एका कंपनीत नोकरीला. कंपनी त्याला दोन वर्षांसाठी सिंगापूरला पाठवत होती आणि रविवारचं विमान ठरलं होतं. पुण्यातल्या दोन डॉक्टरांनी त्याला सरळ सांगितलं होतं, की हा काही आता चालायचा नाही, इंजेक्शन देऊन शांत झोपवून टाका. तिसरी उत्कर्षा. तिने बंड्याला तासभर तपासलं आणि म्हणाली, "मला सहा आठवडे द्या." निषादने दिले, पण आपली अडचणही सांगितली. "डॉक्टर, आई-बाबा दुसऱ्या मजल्यावर राहतात. बाबांना सत्तरावं लागलंय. चालतं कुत्रं ते हौसेने सांभाळतील. लुळं कुत्रं त्यांच्या गळ्यात बांधून मी विमानात कसा बसू? अठरा तारखेला, शुक्रवारी पाच वाजता मी येईन. डगमगत का होईना, पण चार पायांवर उभा राहिला तर शनिवारी गाडीत घालून अमरावतीला नेतो. नाही राहिला, तर शनिवारी सकाळी इंजेक्शन." बोलताना त्याचा हात बंड्याच्या डोक्यावरून निघत नव्हता, म्हणून उत्कर्षाला त्याचा रागही धड करता आला नाही.

बंड्यावरचा इलाज ऐकाल तर हसाल. इलाज म्हणजे काही न करणं. पिंजऱ्यात पडून राहायचं, उठायचं नाही, खुरडायचं नाही, अंगाला पीळ पडेल असं काही करायचं नाही. आत फाटलेलं भरून येईपर्यंत नुसता आराम. लघवीसुद्धा त्याची त्याला होत नव्हती. दर चार तासांनी पोटावर हात ठेवून, हलका दाब देऊन ती काढावी लागे. चौथ्या आठवड्यात शेपूट हलली. गेल्या सोमवारी खाण्याची ताटली वाजली आणि मागच्या पायाची बोटं हलली. उत्कर्षाला इतका आनंद झाला की तिने उदगीरला आईला फोन केला. "आई, बोटं हलली गं!" आईने घाबरून विचारलं, "कुणाची?"

आणि आता शुक्रवार उजाडला होता. दुपारी चार वाजता ती बंड्याच्या पोटाखाली हात घालून त्याला पहिल्यांदा उभं करणार होती.

तिचा दवाखाना होता नांदे गावात, ढमाल्यांच्या गोठ्यात. हो, गोठ्यातच. ढमाल्यांची जमीन बिल्डरकडे गेली, बैल बाजारात गेले, गोठा ओस पडला. जयसिंग ढमाल्यांनी तो उत्कर्षाला भाड्याने दिला. तिने फरशी टाकली, पिंजरे आणले आणि मागच्या बाजूला कमरेएवढ्या पाण्याचा सिमेंटचा हौद बांधला, त्यात कोमट पाणी. ज्यांच्या पायांत जोर नाही अशा कुत्र्यांना पाण्यात तरंगवत पोहायला लावायचं, मग जमिनीवर चालवायचं. गावाने पहिल्याच आठवड्यात त्याला नाव देऊन टाकलं, ‘कुत्र्यांची तालीम’. आधी तीन कुत्री यायची. मग कुत्रेवाल्यांच्या एका ई-मेल ग्रुपवर कोणीतरी चार ओळी चांगल्या लिहिल्या, आणि दोन वर्षांत ही रांग लागली. दिवसाला पंधरा, कधी अठरा. पाच-सहा मुक्कामाला. उत्कर्षाला दुपारचं जेवण आठवणीने करावं लागे, आणि ती आठवण बहुधा संध्याकाळी येई.

गोठ्याबरोबर जयसिंगने आपला चुलताही तिला देऊन टाकला होता म्हणायला हरकत नाही. नथूतात्या. पासष्टीचा माणूस, उभा जन्म बैलांत काढलेला. बैल गेल्यावर हा रिकाम्या गोठ्याच्या दारात येऊन बसायचा, सवयीने. दवाखाना सुरू झाला तेव्हा "आता कुत्र्यास्नी पोहायला शिकिवनार व्हय!" म्हणून महिनाभर टिंगल केली. मग एक दिवस हौदात एक लॅब्रॅडोर बिथरला, गटांगळ्या खायला लागला, तेव्हा हाच गडी धोतरासकट पाण्यात उतरला, कुत्र्याला छातीशी घेतलं, आणि कुत्रा गप्प. त्या दिवसापासून तात्या नोकरीला. बंड्याची लघवी काढावी तर तात्यांनीच. उत्कर्षाला जमायचं, पण बंड्या तिच्या हाताखाली आखडायचा आणि तात्यांच्या हाताखाली सैल पडायचा.

कुत्री वाढली तशी घोटाळे वाढले, म्हणून जूनपासून उत्कर्षाने पट्टे सुरू केले. लाल पट्टा गळ्यात असला की कुत्र्याला हलवायचं नाही. पिवळा असला की पोटाखाली झोळी धरून चालवायचं. हिरवा असला की हौदात. तिला या युक्तीचं फार कौतुक होतं. सोमवारीच कामाला लागलेल्या स्वरदाला, म्हणजे नव्या फिजिओथेरपिस्टला, तिने ते अर्धा तास समजावून सांगितलं. तात्यांना समजावायचं मात्र राहूनच गेलं. त्यांना गरजच कुठे होती? ते कुत्र्याच्या पाठीवरून हात फिरवूनच सांगायचे, याला आज पाणी द्या, त्याला नको.

त्या शुक्रवारी भाद्रपदातली अमावास्या होती. तिच्या उदगीरकडे पोळा श्रावणात उरकतो, या मावळपट्टीत तो भाद्रपदात. उत्कर्षाच्या ध्यानीमनीही नव्हतं. ती सकाळी सात वाजता बाणेरला एका म्हाताऱ्या जर्मन शेफर्डला घरी जाऊन बघून आली आणि परतताना हिंजवडीच्या चौकात अशी अडकली की गाडी पुढे सरकेना. सव्वानऊ वाजले. तेवढ्यात तीन फोन. गॅसचं सिलिंडर आज येणार नाही. कोणाच्या तरी पगची वेळ चुकली म्हणून त्याच्या मालकीणबाई तापलेल्या. तिसरा स्वरदाचा.

"मॅडम, नऊ जण येऊन बसलेत. सगळे घड्याळ बघतायत. एकाला दहाची मीटिंग आहे म्हणे. तात्या पूजेला घरी गेलेत, अकरापर्यंत येतो म्हणाले. मी सुरू करू का?"

"कर ना! माझी वाट कशाला बघतेस?" उत्कर्षा खेकसली. मागचा टेम्पोवाला हॉर्नवर हात ठेवूनच बसला होता. "पट्टे बघ. हिरवे सगळे उरकून घे. लालवाल्यांना हात लावायचा नाही. कळलं?"

"कळलं मॅडम."

ती पोचली तेव्हा दहा वाजून गेले होते. फाटकाला आंब्याची डहाळी. गोठ्यातले पिंजरे धुऊन बाहेर उन्हात मांडलेले, फरशी लख्ख. आणि एकूण एक कुत्र्याच्या गळ्यात लोकरीचा नवा कोरा गोंडा! तांबडे, हिरवे, पिवळे, गुलाबी, जांभळे. एका रॉटवायलरला तर कवड्यांची माळसुद्धा. उत्कर्षाला आधी हसू आलं. मग तिने पट्टे शोधले. पट्टे नव्हते. एकाही गळ्यात नव्हते. तिने हातातली बॅग तिथेच टाकली.

तेवढ्यात हौदाकडून कुत्रं ओरडलं. एकदाच, चिरकं. ती धावली.

स्वरदा कमरेएवढ्या पाण्यात उभी होती. तिच्या हातांत तरंगायचं जाकीट घातलेला डॅशंड, गळ्यात भिजलेला हिरवा गोंडा. पुढचे पाय सपासप पाणी मारत होते, अंग डावी-उजवीकडे पिळवटत होतं, आणि मागचे पाय नुसते लोंबत होते. "शाब्बास जिमी, झालंच हं, झालंच," स्वरदा म्हणत होती.

"सोडू नकोस! तसाच धर! हलवू नकोस त्याला!"

उत्कर्षा चपलांसकट पाण्यात उतरली. दोघींनी मिळून त्याला फळीवर सपाट घेतलं आणि आत टेबलावर आणलं. स्वरदाचा चेहरा पांढराफटक पडला होता. "काय झालं मॅडम? पट्ट्यांऐवजी गोंडे केलेत असं वाटलं, हिरवा बघूनच घेतला. आधी छान पोहत होता. सात-आठ मिनिटं झाली असतील. मग एकदम ओरडला."

"हा जिमी नाहीये, स्वरदा. हा बंड्या आहे."

बाहेर उन्हातल्या पिंजऱ्यात खरा जिमी, तसाच काळा-तांबूस डॅशंड, गळ्यात गुलाबी गोंडा घालून, आपली पाळी का येत नाही म्हणून भुंकत होता.

आता इथे एक गोष्ट समजून घ्या, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. लुळ्या कुत्र्याच्या पायाचं बोट चिमट्यात धरून जोराने दाबतात. पाय मागे ओढला जातो, पण त्याला काही अर्थ नाही, तो पाय आपला आपण ओढतो. बघायचं असतं ते तोंडाकडे. कुत्रा कळवळला, वळला, गुरगुरला, तर वेदना मेंदूपर्यंत पोचली, म्हणजे पाठीतली तार शाबूत आहे आणि आज ना उद्या तो चालेल. पाय ओढला पण कुत्रा भिंतीकडे बघत बसला, तर तार तुटली. मग देवालासुद्धा काही करता येत नाही. सहा आठवड्यांपूर्वी बंड्याने कळवळून मान वळवली होती, म्हणून तर उत्कर्षाने त्याला हातात घेतलं होतं.

तिने चिमटा लावला. दाबला. पाय किंचित ओढला गेला. बंड्या समोरच्या भिंतीकडे बघत राहिला.

तिने दुसऱ्या पायाला लावला. बंड्याने जांभई दिली.

उत्कर्षाला रडू आलं नाही, ते यायलाही वेळ लागतो. तिने शिरेतून सूज उतरवणारं इंजेक्शन दिलं, दुखणं थांबवणारं मुद्दाम दिलं नाही, दोन्ही बाजूंना उश्या लावल्या आणि छातीवरून बंद घालून त्याला फळीला बांधलं. आतल्या सुजेने तार दबली असेल तर तासा-तासाने मोकळी होईल. तुटली असेल तर नाही. कोणतं खरं हे सांगणारं यंत्र तिच्या गोठ्यात नव्हतं. बाहेर नऊ मालक ताटकळले होते आणि त्यातला एक जण "हॅलो, कोणी आहे का?" करत होता.

अकराला नथूतात्या आले. कपाळाला गुलाल, हातात फडक्याने झाकलेली परात. "बाई, पोळ्या आनल्यात. तुमास्नी हो, कुत्र्यास्नी न्हाई. गोड चालत न्हाई म्हनला हुतात, ध्यानात हाय माझ्या."

"तात्या, पट्टे कुठे आहेत?"

"कंचं? ती गळ्यातली? वड्यात टाकली की. लई वास मारत हुती."

"का टाकलीत?" ती इतक्या जोरात ओरडली की बाहेरची कुत्रीसुद्धा गप्प झाली. "कोणाला विचारून टाकलीत?"

तात्या गोंधळले. "पोळा हाय न्हवं आज. पोळ्याला जनावराच्या अंगावर जुनं ठेवत न्हाईत, बाई. येसन, कासरा, समदं नवं. काल सांजच्याला पौडला जाऊन गोंडं आनलं मी. तीन वरसं झाली या गोठ्यात पोळा न्हाई झाला. म्हनलं, बैल न्हाईत तर न्हाईत, मुकी जनावरं तर हायेत."

"पण बंड्याला हिरवा का बांधलात? हिरवाच का?"

"बरं व्हावं म्हून," तात्या म्हणाले. "तांबडा बांधून लई दिस ठेवला हुता त्याला, त्याच्या तोंडावरबी ती कळा आली हुती. म्हनलं, समद्यांत झ्याक गोंडा ह्याला. हिरवा." मग त्यांना आतल्या टेबलावरचा बंड्या दिसला. फळीला बांधलेला, ओला. त्यांनी परात खाली ठेवली, आत जाऊन त्याच्या कमरेवर हात ठेवला आणि तो तसाच राहू दिला. "गेलं व्हय?" एवढंच विचारलं.

उत्कर्षाने सगळं सांगितलं. लाल म्हणजे काय, हिरवा म्हणजे काय, स्वरदा कशावरून ठरवते. तात्या ऐकत होते. "आसं व्हय," ते म्हणाले. "मला कुनी सांगितलंच न्हाई. मला काय, रंग बघावा लागत न्हाई." त्यांच्या बोलण्यात तक्रार नव्हती, आणि नेमकी म्हणूनच ती उत्कर्षाच्या जिव्हारी लागली. ते उठले, बाहेर फाटकाशी दगडावर जाऊन बसले. हौदात यायला स्वरदाने हाक मारली तर म्हणाले, "आज माझा हात नगं लागाया कुनाला."

मग सुरू झाला तो दिवस कोणाच्या वैऱ्यालाही नको. उत्कर्षाने सगळ्यांचं पोहणं रद्द केलं. वही घेऊन एकेका पिंजऱ्यापुढे बसून, कुत्र्याला हाताने चाचपून, बँडेजच्या पट्टीवर नाव आणि सूचना लिहून ती गळ्यात बांधली. दहाची मीटिंग चुकलेला गृहस्थ तिला म्हणाला, की असा कारभार असेल तर गाशा गुंडाळा आणि गावाला जा. ती "सॉरी" म्हणाली. हौदाच्या पाण्याची मोटार बंद पडली, वीज गेली, रॉटवायलरने कवड्या चावून खाल्ल्या आणि त्याला उलटी करवावी लागली. दर तासाला ती आत जाऊन बंड्याचं बोट दाबत होती. बारा वाजता भिंत. एक वाजता भिंत. दोन वाजता त्याने डोळे मिटले, आणि तिला क्षणभर वाटलं कळलं असेल, पण तो झोपत होता.

तीनच्या सुमारास स्वरदा तिच्याजवळ आली. रडून रडून तिचे डोळे सुजले होते. "मॅडम, एक बोलू? याचं दुखणं आपोआपही उलटलं असतं ना? होतं ना असं, पुस्तकात आहे. म्हणजे आपण त्यांना तसं..."

"सांगायचं?"

"ग्रुपवर त्यांनी एक मेल टाकली तर हे सगळं बंद पडेल. मी तर आत्ता कुठे लागलेय."

उत्कर्षा तिला रागावली नाही. का रागावेल? सकाळपासून तिच्याही मनात तेच घोळत होतं. ग्रुपवर चारशे लोक. जे चार ओळींनी उभं राहिलं ते चार ओळींनीच आडवं होईल. आणि खोटं तरी किती सोपं! सहा आठवडे झाले, प्रयत्न केले, नाही यश आलं. निषाद हात जोडून आभार मानून जाईल. आणि उद्या सकाळी, मनावर काही ओझं न ठेवता, इंजेक्शन देऊन घेईल. मेख तीच होती. खरं सांगितलं तर दवाखाना जाईल आणि बंड्याला कदाचित चार दिवस जास्त मिळतील. खोटं सांगितलं तर दवाखाना राहील आणि बंड्या नक्की जाईल. तिला स्वतःचा भयंकर राग आला, की यात विचार करण्यासारखं काही आहे असं आपल्याला इतका वेळ वाटत होतं.

निषाद पाचच्या आधी दहा मिनिटं आला. आनंदात होता, हेच तिला बघवेना. "गाडीत मागच्या सीटवर गादी अंथरून आणलीय," तो येता येताच म्हणाला. "सोमवारी तुम्ही बोटांचं सांगितलंत ना, आईने त्याच्यासाठी खिडकीला जाळी मारून घेतली. कुठेय?"

"निषाद, आधी ऐका," उत्कर्षा म्हणाली, आणि तिने उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. पट्टे, पोळा, गोंडा, हौद. "हिरवे उरकून घे असं फोनवर मी सांगितलं. न बघता. ही चूक माझी आहे."

निषादचा आवाज चढत गेला. "सहा आठवडे! सहा आठवडे मी त्याला कडेवर घेतलं नाही, तुम्ही सांगितलं म्हणून! आणि तुम्ही त्याला पोहायला टाकला? गोंडा बांधून?"

"सायेब, गोंडा मी बांधला." तात्या दारात येऊन उभे होते, टोपी हातात. "बाईंनी न्हाई, या पोरीनं न्हाई. काय बोलायचं ते मला बोला."

"तुम्हाला काय बोलू मी?" निषाद म्हणाला. तो टेबलाशी गेला. बंड्याने त्याला बघून पुढचे पाय फळीवर आपटले, तोंड चाटायला मान लांब केली. मागचं अंग तसंच पडून होतं. "म्हणजे तार तुटली?"

"माहीत नाही. सकाळपासून दाबतेय. दोनपर्यंत तरी काही नाही. चारला दाबलं तेव्हा कान हलला असं मला वाटलं, पण मला तसं वाटावंसं वाटत होतं, म्हणून मी ते धरत नाही. मला चार दिवस द्या."

"तुमचं मी आता काहीही धरणार नाही." त्याने हात पुढे केला. "तो चिमटा द्या इकडे. मी बघतो. कुठे दाबायचं?"

उत्कर्षाने चिमटा दिला. बोट दाखवलं. "जोरात दाबावं लागतं. दया करू नका. हळू दाबलंत तर काहीच कळणार नाही."

त्याने एका हाताने बंड्याची कंबर धरली, दुसऱ्याने चिमटा लावला. एकदा दाबला, हळूच. पाय ओढला गेला. बंड्या त्याच्याकडे लाडाने बघत राहिला. "जोरात," उत्कर्षा म्हणाली. निषादने डोळे मिटले, दात-ओठ आवळले आणि बोट हाडापर्यंत दाबलं.

बंड्या असा काही उसळला की छातीचा बंद सुटला. मान गर्रकन मागे वळली आणि कमरेवरच्या हातात चारही सुळे रुतले. आपल्या माणसाच्या हातात. वर केकाटला तो वेगळाच, सगळा गोठा दणाणून सोडला. चिमटा खाली पडला.

"धरा त्याला! पाठ धरा!" उत्कर्षा ओरडली, पण तात्या कधीच आत आले होते. दुपारभर कोणाला न लावलेले हात त्यांनी बंड्याच्या दोन्ही कुशींवर ठेवले आणि तो हळूहळू खाली बसला.

निषादच्या मनगटावरून रक्त टपटप गळत होतं. तो त्याच्याकडे मूर्खासारखा बघत होता. "दुखलं त्याला," तो म्हणाला. "डॉक्टर, त्याला दुखलं! तो मला कधी चावला नाहीये. आयुष्यात नाही." आणि तिथेच फरशीवर मटकन बसून तो हमसाहमशी रडायला लागला. उत्कर्षाला इतका वेळ न आलेलं रडू आता आलं, आणि तिने ते येऊ दिलं. स्वरदा भिंतीला टेकून दोघांकडे बघत होती आणि हातातला कापूस कोणाला द्यावा हे तिला कळत नव्हतं.

हात धुऊन, पट्टी बांधून, इंजेक्शन टोचून झाल्यावर निषाद ताळ्यावर आला. "हे मी ग्रुपवर लिहिणार आहे," तो उत्कर्षाला म्हणाला. "सगळं. जसं झालं तसं."

"लिहा," ती म्हणाली. तिला भीती वाटली, आणि तरीही ती तेच म्हणाली.

"तो उभा नाहीये. शुक्रवार आहे आणि तो उभा नाहीये."

"नाहीये. अजून महिना लागेल, कदाचित दोन. पिंजऱ्यातच. लघवी हाताने काढावी लागेल. उद्या गाडीत नेता येणार नाही, दहा दिवस तरी इथून हलवायचा नाही. दहा दिवसांनी मी स्वतः फळीवर घालून अमरावतीला पोचवीन. त्याबद्दल मला काही नको."

निषादने खिशातून मोबाईल काढला आणि नंबर लावला. "बाबा... हो, इथेच आहे. नाही बाबा, चालत नाही. उभाही राहत नाही. ...ऐका तर. मला चावला. कडकडून. ...अहो, चांगलं आहे ते, नंतर समजावतो. बाबा, तो असा लुळाच येईल. त्याचं सगळं तुम्हाला हाताने करावं लागेल. रोज. मी नसेन. सांभाळाल का?" तो ऐकत राहिला. पलीकडचा म्हातारा मोठ्याने बोलत होता, पण शब्द कळत नव्हते. निषादने एकदा नाक पुसलं. मग फोन कानापासून दूर करून त्याने तात्यांपुढे धरला.

"बाबा विचारतायत, लघवी कशी काढायची. मला नाही सांगता येणार. तुम्ही सांगा."

तात्यांनी बंड्यावरचा एक हातही काढला नाही. त्यांनी उत्कर्षाकडे बघितलं. "मी सांगू?"

"मग काय मी?" उत्कर्षा म्हणाली. "सांगा की, तात्या."

स्वरदाने फोन त्यांच्या कानाला लावला. तात्यांनी खाकरून घसा साफ केला आणि अमरावतीपर्यंत फोनशिवायच ऐकू जावं अशा आवाजात सुरुवात केली, "रामराम पावनं! मी नांद्यावरनं नथू ढमाले बोलतुया. आदी हात ऊन करून घ्यायचा बगा, चुलीफुडं धरून. गार हात लावला का जनावर दचकतंया."